पिंजरे सात ते अकरा

अंबरपेठ, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

अंबाजीमामा,

अंबरपेठहून जयभीम.

आईच्या फोनवरून लावला की तुम्ही उचलता आणि माझा आवाज आला की ठेवून देता. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा आईने फोनच माझ्या हातात दिला नाही. म्हणून पत्र. शाळेत मला मराठी नव्हतं, तुम्हीच पाटीवर शिकवलंत. तेव्हा यात चुका निघाल्या तर निम्म्या तुमच्या.

लिहायचं कारण कामाचंच आहे. चार नंबरच्या पिंजऱ्यातली फाटक्या कानाची मादी जड दिसते आहे. कागदाच्या पट्ट्या ओढून कोपऱ्यात घरटं करते आणि जाळीजवळ बोट नेलं की दात दाखवते. तुम्ही असता तर लांबूनच बघून सांगितलं असतं, अजून किती दिवस ते. मला कळत नाही. बी.एस्सी.च्या पुस्तकात पांढरा उंदीर होता. औषधं तपासायला ठेवलेले हे आफ्रिकेचे मऊ केसांचे उंदीर पुस्तकात नव्हतेच. रजिस्टरमध्ये मी त्यांचं शास्त्रीय नाव लिहिते, पिंजरे धुणारे त्यांना 'मस्तान' म्हणतात, आणि ते दोघांचंही ऐकत नाहीत.

तुमच्या जागी एजन्सीने भामा नावाची बाई दिली आहे. बोधनकडची. आधी एका शाळेत आया होती. पहिल्या दिवशी पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, "ह्ये उंदीर? आमच्या मोरीत येतात त्यांचे पाव्हणे दिसतात की!" मग नाक ओढून म्हणाली, "पर वास न्हाई वो मॅडम ह्यांना." मी ऐटीत सांगितलं की हीच यांची खासियत. माझ्या पहिल्या दिवशी हे वाक्य तुम्ही मला ऐकवलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

बाकी ठीक आहे. एक ते सहा पिंजऱ्यांतली कुटुंबं धडधाकट आहेत. सात ते अकरामध्ये जे मोठे उरले ते खातात-पितात, पण पिल्लं होत नाहीत. बारा नंबर रिकामाच. तपासणी समिती येऊन गेली. प्राणीगृहाची फरशी चांगली असल्याचा शेरा मिळाला. सगळं विभागप्रमुख शिवराज सरांच्या नव्या नियमाप्रमाणे चाललं आहे. दर सोमवारी सगळे पिंजरे एकदम बदलायचे, खाली अंथरलेल्या जुन्या तुसाचा एक कण नव्या पिंजऱ्यात जाऊ द्यायचा नाही.

तुम्ही न सांगता गावाला गेलात. आईने डबा बांधून दिला होता, म्हणजे तिला माहीत होतं. मी त्या वेळी घरातच होते.

पिल्लं मेली त्या चौकशीत मला जे विचारलं तेवढंच मी सांगितलं. माझ्या जबाबात खोटं एक अक्षर नाही. तुम्हालाही ते माहीत असणार, म्हणून तर तुम्ही तिथे जास्त काही बोलला नाहीत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, मला सही करावी लागली." तुम्ही म्हणालात, "तुझी सही हाय बाळे, ती खोटी कशी असंल?" हे तुम्ही रागाने म्हणालात की खरोखर, ते मला अजून कळलेलं नाही.

चार नंबरचं तेवढं कळवा.

तुमची भाची
मानसी


२६ जानेवारी २०२५

मामा,

बुधवारी तुमचं कार्ड आलं. पोस्टमनने ते खालच्या किराणा दुकानात दिलं आणि दुकानदाराने वाचून मग वर पाठवलं. "आपके भाई उंदरांचे डॉक्टर आहेत क्या?" असं त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, "हां, होते."

कार्डावर ना नाव, ना तारीख, ना जयभीम. नुसतं एवढंच:

"पोट खाली उतरलं आणि चाल फाकली म्हणजे दोन दिवस. व्याल्यावर सोमवार पाळू नको. पिल्लं दहा दिवसांची होईस्तोवर पाणी आणि गोळ्या, बाकी हात नाही. नर काढू नको, तो पिल्लावर बसतो. दुसरी मादी पण पाजते, तिला पण काढू नको. नव्या बाईला सांग शेपटीला धरायचं नाही, कातडं सोलून हातात येतं."

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. माझ्याबद्दल त्यात एकही शब्द नाही, हे पहिल्याच वाचनात कळलं होतं, तरी.

गुरुवारी सकाळी पिल्लं झाली. अकरा. भामाला कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा लई बारीक नजरेचे दिसतात. मग त्यांना काढलं कामून?" मी म्हटलं, चौकशी चालू आहे. ती म्हणाली, "चौकशी म्हंजे काढलंच की."

आता एक सांगते. मी आठ नंबरच्या दोन माद्यांजवळ बाहेरचा एक मोठा नर सोडला होता. गट पुन्हा उभा राहील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला होता, मानेवर आणि पाठीवर चावे. तुम्ही मला हे एकदा सांगितलं होतं. यांचं घर लहानपणीच बांधावं लागतं, एकदा मोठे झाले की परक्याला आत घेत नाहीत, असं. तेव्हा मी हातात वही घेऊन उभी होते आणि वहीत ते लिहिलं नव्हतं. कारण तुम्ही ते कुठे वाचलंय असं मी विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "वाचलं न्हाई, बघितलं."

मामा, अठ्ठावीस वर्षं तुम्ही त्या खोलीत बघत होतात. मी दीड वर्षापूर्वी आले. नोकरीची जाहिरात तुम्हीच आणून दिली होती, फॉर्मला फोटो तुम्हीच चिकटवला होता. निवड झाली तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले आणि सांगत फिरलात, "आता माझी साहेब माझ्याच घरची." मला फार लाज वाटली होती, तुमच्या बोलण्याची नाही, त्या शब्दाची. आता वाटतं, लाज वाटली हे खोटं. आवडला होता तो शब्द.

आणि मागच्या पत्रात मी लिहिलं की नवा नियम शिवराज सरांचा. तो सरांचा नाही. सही त्यांची आहे. लिहिला मी. सर म्हणाले होते, तपासणी समिती येणार आहे, कागदावर काहीतरी नीट पाहिजे. मी दोन दिवस बसून इंग्रजीत चार पानं लिहिली. साध्या पांढऱ्या उंदरांसाठीचे नियम होते, ते घेतले आणि वर नाव बदललं.

एवढंच सांगायचं होतं. पिल्लांचे डोळे कितव्या दिवशी उघडतात, ते कळवाल का?

मानसी


९ फेब्रुवारी २०२५

मामा,

कार्ड नाही. वाट बघून लिहिते आहे. डोळे पंधराव्या-सोळाव्या दिवशी उघडले. अकराच्या अकरा जगली. दोन्ही माद्या पाजतात आणि नर खरोखरच कोंबडीसारखा वर बसतो. भामा म्हणते, आमच्या मालकापरीस हा बरा.

पद्मावती मॅडमचा अहवाल आला आहे. मेलेल्या जनावरांचे नमुने त्यांनी तपासायला नेले होते, तो. तो माझ्याच हातात आला, कारण येणारे कागद मी नोंदवते. त्यात लिहिलं आहे, संसर्ग नाही. कुठलाही नाही. पिल्लांच्या पोटात दूध नाही, अंगावर दातांच्या खुणा आहेत. मोठ्या चारही उंदरांच्या अंगावर चाव्यांच्या जखमा आहेत. मॅडमनी शेवटी एक ओळ जादा लिहिली आहे: माद्यांना आपलं घर ओळखू न आल्यासारखी लक्षणं.

तुमच्यावर आरोप हा आहे की तुम्ही नियम मोडून घाणेरडं तूस नव्या पिंजऱ्यात टाकलं, त्यातून रोग पसरला आणि सत्तेचाळीस जनावरं गेली. रोग नव्हताच.

मी अहवाल घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "बरं. फाइलला लाव." मी विचारलं, चौकशी समितीला पाठवायचा का. ते म्हणाले, "मागितला तर देऊ. कायकू आपणहून?" मी फाइलला लावला. मामा, मी तो खरंच फाइलला लावला आणि घरी येऊन जेवले.

तेव्हापासून सोमवार, १६ डिसेंबर डोक्यातून जात नाही. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी ते कधी कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तुम्ही त्या दिवशी सकाळी एकापासून सुरुवात केली. मी वर ऑफिसात होते. मी खाली आले तेव्हा सहा पिंजरे झाले होते आणि तुम्ही सातव्याशी उभे होतात. जुन्या पिंजऱ्यातल्या झोपायच्या कोपऱ्यातून तुम्ही मूठभर तूस उचललं होतं. हातमोजा नव्हता. ते ओलं होतं, बोटांच्या फटीतून काळं दिसत होतं. तपासणी समितीच्या आधीची रंगीत तालीम म्हणून सर आणि वरच्या मजल्यावरची तीन पोरं, सगळी माझ्याच वयाची, माझ्या मागे उभी होती.

मला तुमची मूठ दिसली आणि मला आजी दिसली. शाळेमागच्या नालीतून हाताने गाळ काढणारी. ती तसबीर नाही, मी पाहिलेलं आहे, मी पाच वर्षांची होते. दर चौदा एप्रिलला गल्लीत माईक हातात घेऊन मी जे बोलते ते सगळं तिथून येतं. आता आपल्या हाताला घाण लागणार नाही, आपल्या हातात लेखणी. आणि त्या पोरांसमोर माझा मामा उघड्या हाताने उंदराचं मूत धरून उभा.

मी म्हणाले, "मामा, मूठ उघडा." तुम्ही म्हणालात, "बाळे, ह्याच्यात त्यांच्या घराचा वास हाय. हे गेलं की..." मी म्हणाले, "मूठ उघडा. हात धुवा. इथे मी मामा-भाची काही ऐकणार नाही." मागचा एक पोरगा हसला. तुम्ही मूठ उघडली, कचऱ्याच्या डब्यावर, सावकाश.

मग सातपासून अकरापर्यंत माझ्यासमोर झालं. सगळं नवीन, सगळं वाफवलेलं, वरून वासाच्या औषधाने पुसलेलं. पिल्लं मोज्याच्या हाताने उचलून ठेवली. तुम्ही फक्त दोनदा हात धुतलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ते सहा ठीक होते. सात ते अकरामध्ये त्रेचाळीस पिल्लं आणि चार मोठे उंदीर गेले होते.

चौकशीत मला विचारलं, "अंबाजी जुनं तूस टाकत होते का?" मी म्हटलं, "हो. मी त्यांना त्या दिवशीच पकडलं." "नियम लेखी होता का?" "हो." खोटं एक अक्षर नाही. कोणत्या पिंजऱ्यात टाकलं आणि कोणत्या पिंजऱ्यात मी टाकू दिलं नाही, हे कुणी विचारलं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं, मामा. नमुन्यांच्या अहवालापर्यंत थांबायची मला गरज नव्हती. पिंजऱ्यांचे आकडे माझ्यासमोर होते.

मानसी


२३ फेब्रुवारी २०२५

मामा,

चौकशी समितीने मला पुन्हा बोलावलं आहे, ५ मार्चला. अंतिम अहवालाआधी जबाब पक्का करायचा म्हणे. पहिल्या जबाबावर मी पुन्हा सही करायची आणि परत यायचं. मग तुमच्यावरचा आरोप सिद्ध धरतील. तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत.

सरांनी शुक्रवारी चहाला बसवलं. घरचे शेंगदाण्याचे लाडू काढले. "मानसी, आपण मराठी माणसं, तुला पोरीसारखं सांगतो. तुझ्या कराराची मुदत ३१ मार्चला संपते. वाढवायची शिफारस मी लिहून ठेवली आहे. कायकू उगी लफड्यात पडतीस? तुझा मामा तर स्वतः कबूल झाला, हां म्हणला."

मी म्हटलं, "सर, ते 'टाकलं' एवढंच म्हणाले. 'त्यामुळे मेली' असं नाही म्हणाले."

सर हसले. "वकील झालीस की तू." मग लाडवांचा डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "नियमावर सही माझी आहे, बेटी. तू वरच्या पायरीवरून घसरशील तर मी पण घसरीन. म्हातारं तर असंही घरी गेलंय."

मला सरांचा राग आला नाही, हेच वाईट. त्यांनी जे म्हटलं ते मी डिसेंबरात मनात म्हटलं होतं. मामांचं वय झालं आहे, त्यांना गावाकडे घर आहे, मला अजून सगळं करायचं आहे. हत्तीरोगाचं औषध या उंदरांवर तपासतात, ते काम मोठं आहे, मी त्यात राहिले पाहिजे. आजीचा पाय केळीच्या बुंध्यासारखा झाला होता, कुणीतरी आपल्यातलं त्या खोलीत पाहिजे. असं मी स्वतःला सांगत होते. तुम्ही अठ्ठावीस वर्षं त्याच खोलीत होतात हे त्या हिशेबात मी धरलं नाही.

काल आईला सांगितलं. सगळं, सात ते अकरा सकट. ती भाजी निवडत होती. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मला माहीत हाय."

"कसं?"

"दादा सांगून गेला. जायच्या आदल्या दिवशी. म्हणला, पोरीला बोलू नको, तिची नोकरी नवी हाय, मी बोललो तर तिच्या डोक्यावर येतंय. म्हणून माझा भाऊ तिथं तोंड शिवून बसला. आणि तू आतल्या खोलीत कडी लावून."

मी म्हटलं, "मग तू दोन महिने मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय? तू शिकलेली. तुला कळंल कवा ते बघत होते."

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको, मेथीत पाणी पडंल." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "घाणीत हात घालायचा न्हाई, हे मीच शिकवलं तुला. बरोबर शिकवलं. पर दादाच्या हाताला तू घाण म्हणलीस, चार लोकांत. ते कुठं शिकलीस?"

मी दुसरी जुडी ओढून निवडायला बसले.

तुम्ही फोन ठेवून देता ते माझ्यावर चिडून, असं मी धरून चालले होते. खरं तर तेच मला सोयीचं होतं. माणूस चिडलेला असला की आपण फक्त त्याचा राग जायची वाट बघायची. तुम्ही मला वाचवून गेलात आणि तरी माझा आवाज ऐकवत नाही, याला काय करायचं ते मला माहीत नाही.

५ तारखेला काय होईल ते लिहीन. आज लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, शेवटी लिहिता येईल की मी ठरवलं आहे. तसं लिहिता येत नाही. करार वाढल्याचं पत्र मी मनात दहा वेळा वाचलं आहे, आईला दाखवलं आहे, फ्रेममध्ये लावलं आहे.

मानसी


६ मार्च २०२५

मामा,

काल सांगितलं.

तिघं जण होते. अध्यक्ष बाई बाहेरगावच्या होत्या, त्यांनी पहिला जबाब पुढे ठेवला आणि पेन दिलं. मी पेन घेतलं आणि सहीऐवजी कागदाच्या मागे बारा चौकोन काढले. एक ते सहा वर लिहिलं, 'जुनं तूस घातलं, पिल्लं जगली.' सात ते अकरा वर, 'माझ्या सांगण्यावरून घातलं नाही, पिल्लं मेली.' बाराव्यावर 'रिकामा'. आठचा आकडा तीनसारखा आला, तो पुन्हा काढला.

बाईंनी बराच वेळ कागद बघितला. मग विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

'विचारलं नव्हतं' हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. दोन महिने घासून ठेवलेलं. मी म्हटलं, "मला नोकरी टिकवायची होती. आणि मला मामांची लाज वाटली होती."

शिवराज सर शेजारच्या खुर्चीवर पंख्याकडे बघत बसले होते. बाईंनी त्यांना विचारलं, नमुन्यांचा अहवाल कुठे आहे. ते म्हणाले, फाइलला आहे, मागितला नव्हता. बाई म्हणाल्या, "आता मागते." पद्मावती मॅडमना फोनवरून विचारलं. मॅडम काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण बाई दोनदा "हो का" म्हणाल्या.

मग त्यांनी मला जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. जुनं तूस किती घालायचं? कुठल्या कोपऱ्यातलं? पिल्लं असतील तर किती दिवस थांबायचं? सगळे पिंजरे एकदम बदलायचे की अर्धे? दर प्रश्नाला मी "मामा म्हणायचे की" असं सुरू करत होते आणि निम्म्या प्रश्नांना मला पुढचं येत नव्हतं. कारण मी वहीत लिहून घेतलं नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, "हे त्यांनाच विचारायला हवं. लेखी नियम त्यांच्याकडून नव्याने करून घ्या."

तुम्हाला १७ मार्चला, सोमवारी, अकरा वाजता बोलावलं आहे. रजिस्टर पत्र येईल, पण ते गावात पोचायला वेळ लागतो म्हणून मी आधी कळवते. आरोप अजून मागे घेतलेला नाही, ते तुमचं ऐकून ठरवतील. वकील नको. तुम्ही चौकशीत पुढे काही बोलला नव्हतात, तसं या वेळी करू नका. मला वाचवायला गप्प बसण्यासारखं आता काही उरलेलं नाही. माझा जबाब सहीनिशी गेला आहे, त्याची नक्कल या पत्रासोबत ठेवली आहे. माझ्या नावापुढे जे लिहिलं आहे ते वाचा, मग आता काही लपवायची गरज नाही ते तुम्हाला कळेल.

मला निर्णय होईपर्यंत कामावर न येण्याची सूचना मिळाली. करार वाढणार नाही हे सरांनी तोंडी सांगितलं, दारात उभं राहून, लाडू न देता. आईला घरी येऊन सांगितलं. तिने ताट वाढलं. मग म्हणाली, "पदवी काढून घेत न्हाईत ना?" मी म्हटलं, नाही. "मग जेव."

किल्ली आणि रजिस्टर भामाला देऊन आले. तिने विचारलं, "मग मामा आले की मी जाणार काय?" मी म्हटलं, माहीत नाही, बाई. ती म्हणाली, "जाऊ द्या. मला त्यांच्याकडून शिकायचं हाय, मग घालवा." चार नंबरची पिल्लं आता सहा आठवड्यांची झाली आहेत. त्यांचे नवे गट लवकर बांधायला हवेत, मोठी झाली की एकमेकांना घेणार नाहीत. कोणती मादी कोणाबरोबर ठेवायची हे भामाला ठरवता येणार नाही, आणि मला तर नाहीच. १७ पर्यंत थांबायला सांगितलं आहे, पण तेवढं थांबणं बरोबर आहे की नाही हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. जमलं तर आईच्या फोनवर भामासाठी दोन वाक्यं सांगा.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही "जाऊ दे बाळे" म्हणाल, आणि ते मला नको आहे.

१७ तारखेला मी प्राणीगृहात नसेन. मला फाटकाच्या आत घेणार नाहीत. घरीही नसेन, त्या दिवशी मी विद्यानगरला नोकरीचा अर्ज द्यायला जाणार आहे, संध्याकाळीच येईन. तेव्हा तुम्ही आलात तरी माझं तोंड बघावं लागणार नाही. तेवढ्यासाठी येणं टाळू नका.

मानसी